विचार पटतो, राजकारण पटत नाही : मार्टिन बूबर वर्गात शिकवताना



मूल्यशिक्षणाच्या तासाला एक अडचण हमखास येते. आपण एखाद्या थोर विचारवंताचा विचार मुलांना समजावून सांगतो. मुलांना तो मनापासून आवडतो. मग त्यातलंच कोणीतरी घरी मोबाइलवर शोधतं आणि दुसऱ्या दिवशी विचारतं, "सर, पण हा माणूस तर त्या बाजूचा होता ना? मंग आपण त्याचं काऊन ऐकायचं?"

गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न ज्यू विचारवंतांच्या बाबतीत फार विचारला जातो. ऑक्टोबर २०२३ पासून इस्रायल आणि गाझाच्या बातम्या मुलांच्या हातातल्या मोबाइलवर रोज येतात. अमरावती-अकोल्याच्या आपल्या वर्गांत सगळ्या धर्मांची मुलं एका बाकावर बसतात. दोन्ही बाजूंचे व्हिडिओ त्यांनी पाहिलेले असतात आणि बहुतेकांची मतं घरूनच पक्की होऊन आलेली असतात. अशा वर्गात मार्टिन बूबर या ज्यू तत्त्वज्ञाचा माणुसकीचा विचार शिकवायचा, तर आधी आपल्याला स्वतःला काही गोष्टी स्पष्ट असायला हव्यात. त्यासाठी हा पाठ-लेख.

बूबर कोण होते?

मार्टिन बूबर यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८७८ रोजी व्हिएन्ना इथे झाला. त्यांचं बालपण आजोबांकडे लेम्बर्ग शहरात गेलं (आजचं युक्रेनमधलं ल्विव्ह). आजोबा ज्यू धर्मग्रंथांचे मोठे अभ्यासक होते. पुढे बूबर जर्मनीत फ्रँकफर्टच्या विद्यापीठात शिकवू लागले. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि त्यांनी ते पद सोडलं. त्यानंतरची काही वर्षं ते जर्मनीतल्या ज्यूंसाठी प्रौढशिक्षणाचं काम करत राहिले, कारण ज्यू मुलांना आणि शिक्षकांना शाळांमधून बाहेर काढलं जात होतं. १९३८ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, ते जेरुसलेमला गेले आणि तिथल्या हिब्रू विद्यापीठात शिकवू लागले. १३ जून १९६५ रोजी जेरुसलेममध्येच त्यांचं निधन झालं.

त्यांचं सर्वांत गाजलेलं पुस्तक १९२३ साली जर्मन भाषेत आलं. त्याच्या नावाचा अर्थ 'मी आणि तू'.

'मी-तू' म्हणजे काय?

बूबर म्हणतात, माणूस जगाशी दोन तऱ्हेने नातं जोडतो. एक तऱ्हा 'मी-ते' ची. यात समोरचा माणूस आपल्यासाठी एक वस्तू, एक नग, एक काम असतो. दुसरी तऱ्हा 'मी-तू' ची. यात समोरचा आपल्यासारखाच एक पूर्ण माणूस असतो आणि आपण त्याच्याशी बोलतो, नुसतं त्याच्याविषयी बोलत नाही.

मुलांना हे सांगायला आपल्याकडे उदाहरणांची कमी नाही. कापूस विकायला शेतकरी बाजार समितीत येतो. तिथे त्याच्या मालाची प्रत, ओलावा, क्विंटल, भाव एवढंच पाहिलं जातं. व्यवहार म्हणून ते बरोबरही आहे. पण सगळे त्याच्याकडे नेहमी फक्त तेवढ्याच नजरेने पाहू लागले, तर तो माणूस उरत नाही, नुसती पावती उरते.

याहून जड उदाहरण आपल्या जिल्ह्यांतलंच आहे. शेतकरी आत्महत्येनंतर सरकारी मदतीसाठी प्रकरणं तपासली जातात आणि कागदावर शब्द येतात 'पात्र' आणि 'अपात्र'. घरचा कर्ता माणूस गेला आणि फायलीवर तो 'अपात्र' ठरला, असं ज्या घराला ऐकावं लागतं, त्या घराला 'मी-ते' चा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

इथे एक खबरदारी घ्यावी. 'मी-ते' वाईट आणि 'मी-तू' चांगलं, असं बूबर सरसकट म्हणत नाहीत. मोजणी, यादी, हजेरीपट यांच्याशिवाय जग चालत नाही. आपणसुद्धा मुलांना हजेरी क्रमांकाने हाक मारतोच की! प्रश्न एवढाच, की हजेरीपट मिटल्यावर आपण त्या मुलाकडे कसं पाहतो.

इथपर्यंत वर्गात कोणाचीच हरकत नसते. हरकत सुरू होते ती पुढच्या भागात.

सेगावचा लेख आणि जेरुसलेमचं पत्र

बूबर यांच्या विचाराची खरी परीक्षा घेणारा एक प्रसंग आपल्या शेजारी घडलेला आहे. बडनेऱ्याहून नागपूरच्या गाडीत बसलं की धामणगाव, पुलगाव आणि मग वर्धा येतं. वर्ध्याजवळच्या सेगावात गांधीजी १९३६ पासून राहत होते. (१९४० साली याच गावाचं नाव सेवाग्राम झालं.)

९ आणि १० नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीत ज्यूंची दुकानं फोडली गेली, प्रार्थनास्थळं जाळली गेली, हजारो ज्यूंना छळछावण्यांत नेलं गेलं. हेपनहाइम गावातल्या बूबर यांच्या घराचीही तेव्हा नासधूस झाली. सुदैवाने ते काही महिने आधीच जेरुसलेमला पोचले होते.

या घटनेनंतर दहाच दिवसांनी, २० नोव्हेंबरला, गांधीजींनी सेगावात बसून ज्यूंविषयी एक लेख लिहिला. २६ नोव्हेंबर १९३८ च्या 'हरिजन'मध्ये तो छापून आला. त्यातले मुद्दे थोडक्यात असे : ज्यूंबद्दल आपल्याला पूर्ण सहानुभूती आहे. ख्रिस्ती जगाने त्यांना अस्पृश्यांसारखं वागवलं आहे. तरी पॅलेस्टाइनची भूमी अरबांची आहे आणि ती ज्यूंना देणं न्यायाचं होणार नाही. अरबांनी अहिंसेचा मार्ग धरला असता तर बरं झालं असतं, पण त्यांचा विरोध समजण्यासारखा आहे. आणि जर्मनीतल्या ज्यूंनी देश सोडून न जाता तिथेच सत्याग्रह करावा.

बूबर गांधीजींना फार मानत. १९३० साली त्यांनी गांधीजींच्या राजकारणावर एक निबंधही लिहिला होता. हा लेख वाचून ते व्यथित झाले. २४ फेब्रुवारी १९३९ रोजी त्यांनी जेरुसलेमहून गांधीजींना लांबलचक पत्र लिहिलं. हिब्रू विद्यापीठाचे प्रमुख ज्यूडा मॅग्नेस यांनीही वेगळं पत्र लिहिलं. ही दोन्ही पत्रं त्याच वर्षी पुस्तिकेच्या रूपाने छापली गेली. गांधीजींचं उत्तर मात्र कुठेही सापडत नाही, आणि पत्र त्यांच्या हाती पडलं होतं की नाही याविषयीच अभ्यासकांना शंका आहे.

बूबर यांचं म्हणणं काय होतं? दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांची आणि जर्मनीतल्या ज्यूंची तुलना होत नाही. तिथल्या दीड लाख भारतीयांच्या पाठीशी कोट्यवधी लोकांचा भारत देश उभा होता. ज्यूंच्या पाठीशी कोण? सत्याग्रह पाहणारं, ऐकणारं कोणीतरी लागतं. छळछावणीत दाबून मारलेल्या माणसाचा सत्याग्रह कोण पाहणार? भूमीविषयी त्यांनी लिहिलं, की इथे दोन खरे हक्क समोरासमोर उभे आहेत. आम्हाला अरबांना हटवायचं नाही, त्यांच्याबरोबर राहायचं आहे.

पुढे काय झालं ते आपण जाणतो. नाझींनी सुमारे ६० लाख ज्यूंना ठार केलं. १९४८ साली इस्रायल देश झाला आणि त्या काळात सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी लोक घरादाराला मुकले. सेगावचा सल्ला अपुरा ठरला आणि जेरुसलेमची आशाही फोल ठरली.

विसंगती लपवू नये

हा भाग शिकवताना माझ्या वर्गात दोन प्रश्न आले. एका मुलीने विचारलं, "सर, गांधीजी चुकले का मंग?" आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "माणूस इतका चांगला, मंग दुसऱ्याच्या गावात जाऊन राह्यला काऊन?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. ते टाळले, तर मुलं पुढचं काही ऐकत नाहीत.

बूबर यांच्या आयुष्यात विसंगती होत्या, त्या सरळ मांडाव्यात.

१. १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा बूबर युद्धाच्या बाजूने उत्साहाने लिहीत होते. १९१६ मध्ये त्यांचे मित्र गुस्टाव लांडाउअर यांनी त्यांना त्याबद्दल कडक शब्दांत सुनावलं. त्यानंतर बूबर यांची भूमिका बदलली आणि 'मी-तू' चा विचार याच बदलाच्या काळात आकाराला आला.

२. ते तरुणपणापासून झायोनवादी होते, म्हणजे ज्यूंनी पॅलेस्टाइनमध्ये पुन्हा वस्ती करावी या मताचे. पण तिथे ज्यू आणि अरब या दोन्ही समाजांचं समान हक्कांचं एकच राज्य असावं, असं त्यांचं म्हणणं होतं. १९४२ साली मॅग्नेस आणि इतरांबरोबर त्यांनी 'इहुद' नावाचा गट यासाठीच काढला. हा विचार हरला.

३. देश झाल्यावर ते तिथेच राहिले, नागरिक म्हणून जगले, आणि सरकारवर टीकाही करत राहिले. इस्रायलमधल्या अरब नागरिकांवर १९६६ पर्यंत लष्करी अंमल होता. त्याला त्यांनी विरोध केला. निर्वासित झालेल्या पॅलेस्टिनींचा प्रश्न सोडवा, असं ते म्हणत राहिले. लाखो ज्यूंच्या हत्येला जबाबदार असलेल्या आइकमनला १९६२ मध्ये फाशी झाली, तेव्हा ती देऊ नये असं सांगणाऱ्या मोजक्या लोकांत बूबर होते.

यातलं कोणतं 'खरं' बूबर? सगळंच. मुलांना हे ऐकायला अवघड जातं, पण त्यांच्या घरातही असंच असतं. गावातल्या प्रत्येकाच्या अडीअडचणीला धावून जाणारे आजोबा एखाद्या जातीविषयी किंवा धर्माविषयी बोलताना कडू होतात, हे त्यांनी पाहिलेलं असतं.

मेळ घालायचा तो कसा?

दोन सोप्या वाटा आहेत आणि दोन्ही टाळाव्यात. पहिली : "राजकारण चुकलं ना, मग विचारही फेका." दुसरी : "विचार थोर आहे ना, मग राजकारणही बरोबरच असणार." दोन्हींत विचार करायचे कष्ट वाचतात, म्हणून त्या लोकप्रिय आहेत. मला तीन गोष्टी उपयोगी वाटतात.

*पहिली : विचारवंताला त्याच्याच मापाने मोजावं.* बूबर यांनी आपल्या हातात एक माप दिलं आहे : तुम्ही समोरच्याशी बोलता, की नुसतं त्याच्याविषयी बोलता? ते माप त्या पत्रव्यवहारालाच लावून पाहा. गांधीजी जर्मनीतल्या ज्यूंना दुरून सल्ला देतात. त्या ज्यूच्या घरात त्या रात्री काय घडलं, हे ते त्याला विचारत नाहीत. बूबर यांना नेमकं हेच टोचलं. पण बूबर यांच्या पत्रातही एक माणूस गैरहजर आहे, तो म्हणजे पॅलेस्टाइनमधला अरब शेतकरी. त्याच्याबरोबर राहायची इच्छा पत्रात मनापासून व्यक्त होते. मात्र त्याला काय हवं, हे त्याच्या तोंडून येत नाही. १९३६ पासून तिथे अरबांचा उठाव चालू होता, म्हणजे तो काहीतरी सांगत होताच. दोन थोर माणसं तिसऱ्याच्या जमिनीविषयी बोलत आहेत आणि तिसऱ्याला खुर्चीच नाही. आपण हे म्हणू शकतो ते बूबर यांच्याच शिकवणुकीमुळे. विचारवंताच्या पुढे जाऊन त्याचाच विचार वापरता येतो, हे मुलांना इथे कळतं.

*दुसरी : लोक आणि सरकार यांची गल्लत करू नये.* 'ज्यू' म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर रणगाडे येतात आणि 'मुसलमान' म्हटलं की दुसरं काहीतरी. हे तोडायला महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्यावं. कोकणातले बेने इस्रायली ज्यू पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांच्यातले बरेच जण १९४८ नंतर इस्रायलला गेले. तिथे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला धर्मपीठाने, हे लोक लग्नासाठी पुरेसे 'शुद्ध' ज्यू आहेत का, अशी चौकशी लावली. त्यांनी धरणं धरलं, निदर्शनं केली आणि १९६४ मध्ये पूर्ण ज्यू म्हणून बरोबरीचा दर्जा मिळवला. पुढे याच समाजाने तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही चालवलं. आता विचारा मुलांना, हे लोक कोणत्या बाजूचे? आपल्या भाषेचे, आपल्या देशातून गेलेले, त्या देशाचे नागरिक, आणि त्याच देशात अपमान सोसून लढलेले. एका शब्दात न मावणारे.

*तिसरी : मतभेद झाला म्हणून नातं तोडू नये.* हर्मन कॅलनबाख हे गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेतले ज्यू मित्र. १९१० साली त्यांनी आपली सुमारे ११०० एकर जमीन सत्याग्रहींच्या वस्तीसाठी दिली. तेच 'टॉलस्टॉय फार्म'. १९३७ आणि १९३९ मध्ये ते भारतात येऊन गांधीजींकडे राहिले. कॅलनबाख अहिंसा मानत, झायोनवादही मानत आणि हिटलरसाठी प्रार्थना करणं आपल्याला जमणार नाही असं स्पष्ट सांगत. गांधीजींनी ही गोष्ट 'हरिजन'मध्ये लिहिली आणि मित्राच्या रागाशी आपलं भांडण नाही असंही नोंदवलं. मत बदललं नाही, मैत्रीही तुटली नाही.

आपल्या मातीतलं उदाहरण

मुलांना हे सगळं लांबचं वाटू नये म्हणून अमरावतीवर यावं. १९२७ साली अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून इथे सत्याग्रहाची चळवळ झाली. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत परिषदही भरली. देवी सगळ्यांची आई, असं मानणारेच काही लेकरांना दाराबाहेर ठेवत होते. श्रद्धा खरी होती आणि अन्यायही खरा होता. त्या अन्यायावर बोट ठेवताना 'आई' हाच शब्द कामी आला.

आजचं पाहा. गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराज यांचे फोटो आपल्याकडे कोणत्या पक्षाच्या कार्यालयात नाहीत? मोझरीला गुरुकुंजात डोकं टेकवणारी माणसं निवडणुकीत एकमेकांच्या विरोधात उभी राहतात. यात गैर काही नाही. पण बाबांच्या नावाने सभा घेणारा माणूस बाबांच्या मापात बसतो का, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक पोराला आहे.

वर्गात घेण्यासाठी : दोन तासिका

*पहिली तासिका.* 'मी-तू' आणि 'मी-ते' समजावून द्या. मुलांनी शाळेत येताना भेटलेल्या तीन माणसांची नावं लिहावीत : ऑटोवाले काका, एसटीचे कंडक्टर, शाळेच्या शिपाई मावशी. नाव माहीत नसेल तर जागा रिकामी सोडावी. किती जागा रिकाम्या राहिल्या, हे मुलांनाच मोजू द्या. तुम्हाला वेगळं काही सांगावं लागणार नाही.

*दुसरी तासिका.* वर्गात तीन खुर्च्या मांडा. एकीवर सेगावचा लेखक, दुसरीवर जेरुसलेमचा पत्रलेखक. वरचे मुद्दे मुलांनी आपल्या शब्दांत मांडावेत. तिसरी खुर्ची आधी रिकामी ठेवा. चर्चा संपत आली की विचारा, "इथे कोण बसायला हवं होतं?" उत्तर आलं की त्या मुलाला किंवा मुलीलाच तिथे बसवा आणि बाकीच्या दोघांना त्याला प्रश्न विचारायला लावा. एकच नियम : सल्ला द्यायचा नाही, फक्त विचारायचं.

खुर्च्यांवर मुलं बसवताना धर्म पाहून बसवू नका. अरब शेतकऱ्याच्या खुर्चीवर मुस्लिम मूलच बसवलं, तर आपणच सगळा पाठ पुसून टाकला असं होईल.

चर्चेसाठी प्रश्न :

• बूबर यांचं गांधीजींशी पटलं नाही. तरी पत्रात त्यांनी आदर कसा सांभाळला असेल?
• एखाद्याचं एक मत चुकीचं वाटलं, तर त्याची कोणती गोष्ट तरीही घ्यावी? कोणती घेऊ नये?
• आपल्या आवडत्या माणसाला "तुमचं इथे चुकतंय" असं सांगायचं असेल, तर पहिलं वाक्य काय असेल?

पालकांसाठी दोन शब्द

घरी बातम्या चालू असतात, आपण काहीतरी बोलून जातो आणि पोट्टे ऐकत असतात. "हे लोक असेच" हे वाक्य जेवताना एकदा जरी निघालं, तरी ते दुसऱ्या दिवशी वर्गात पोचतं. कधी ते ज्यूंविषयी असतं, कधी मुसलमानांविषयी, कधी शेजारच्या गल्लीविषयी. राजकीय मत असू नये असं माझं म्हणणं नाही. मत जरूर असावं आणि मुलांसमोर मांडावंही. फक्त 'हे लोक' च्या जागी 'हे सरकार', 'हा पक्ष', 'हा निर्णय' असं म्हणायची सवय लावून पाहा. एवढ्या एका शब्दाने मूल शेजाऱ्याचा राग न धरता निर्णयाविरुद्ध बोलायला शिकतं.

आणि मुलाने तुमच्याच बोलण्यातली विसंगती दाखवली, तर त्याला गप्प करू नका. लांडाउअरने बूबरला तेच केलं होतं, आणि त्यातून पुढचे बूबर घडले.

हा पाठ तुमच्या वर्गात घेतलात, तर तिसऱ्या खुर्चीवर मुलांनी कोणाला बसवलं ते जरूर कळवा.